पददानातील लाल जोडे

२६ नोव्हेंबर १९९६, मंगळवार

आज काशीच्या ब्रह्माघाटाच्या पायऱ्यांवर जे पाहिले, ते लिहून ठेवलेच पाहिजे!

स्नान आटोपून वर येत होतो. समोरून आमचे पुरोहित वेदमूर्ती बिंदुमाधव उतरत होते. खांद्यावर उपरणे, कपाळी भस्म, हाती तांब्या. आणि पायांत लाल, पांढऱ्या, काळ्या कातड्याचे, घोट्याच्याही वर जाणारे, जाड तळव्यांचे बूट! नाड्या पायऱ्यांवर लोळत होत्या.

ते बूट मी तत्काळ ओळखले. ओळखणारच. मीच ते त्यांना दिलेले आहेत — पत्नी इंदूच्या बाराव्या दिवशी, परलोकाच्या वाटेसाठी जोडे-छत्री देतात त्या पददानात, विधिपूर्वक संकल्प सोडून. गेल्या फेब्रुवारीपासून ते त्यांच्या पायांत कधी दिसले नव्हते. कोणास देऊन टाकले असतील, असे मी धरून चाललो होतो.

इतक्यात शेजारच्या प्रल्हादांची मुलगी ऋता वरून धावत आली. ती विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात खेळते. रोज पहाटे घाटावर धावते. बिंदुमाधवांसमोर ती थबकली आणि एकदम गुडघ्यांवर बसली. नमस्कार करते आहे, असे समजून त्यांनी आशीर्वादासाठी हात उचलला — आणि या मुलीने त्यांचा उजवा पाय धरून वर घेतला, घोड्याचा नाल तपासावा तसा! बिंदुमाधव एका पायावर. तांब्यातले अर्धे गंगाजल सांडलेले. ऋता माझ्याकडे पाहून ओरडते आहे, "ओरिजिनल आहेत! आजोबा, ओरिजिनल! पंच्याऐंशीचे!"

"अगं सोड, पडेन मी! गुडघ्यासाठी घातलेत. महिना झाला. डॉक्टर बोले, गद्देवाला जूता पहनो."

खालून एक नावाडी म्हणाला, "का गुरु, ओलंपिक में जात हउवा?" सारा घाट हसला.

इंदूच्या नावाने दिलेली वस्तू, आणि तिच्यावर घाट हसला.

२७ नोव्हेंबर

ऋता सायंकाळी घरी आली. मी काही विचारलेले नव्हते. तरी तासभर बोलत बसली. तिच्या वाक्यात कर्ता मराठी, कर्म इंग्रजी आणि क्रियापद हिंदी असते. दोनदा दुरुस्त केले. नंतर सोडून दिले, कारण ऐकत होतो त्या मजकुरापुढे भाषेचे काही वाटेनासे झाले.

ती म्हणते, अमेरिकेत एका बास्केटबॉल खेळाडूच्या नावाने दरवर्षी नवे बूट निघतात. ते घेण्यासाठी दुकान उघडण्याआधी रांगा लागतात. इथवर समजले, आपल्याकडे गॅससाठी लागतात. परंतु ते घेऊन लोक काय करतात? घालत नाहीत! कपाटात ठेवतात. मूळ पेटीत, मूळ पातळ कागदात गुंडाळून. काही जण हात धुतल्यावाचून त्यांना शिवत नाहीत.

"म्हणजे सोवळ्यात?" मी विचारले.

"हां आजोबा, बिलकुल सोवळ्यात!" ती टाळी वाजवून म्हणाली. मी थट्टा करीत नव्हतो.

एकेकाकडे चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास जोड. पाय मात्र दोनच! तिने वसतिगृहातील मैत्रिणीचे एक मासिक दाखविले. त्यात एक तिशीचा गृहस्थ बुटांच्या पेट्यांच्या भिंतीसमोर हात जोडल्यासारखा उभा आहे. चेहऱ्यावर भाव असा की, काकड आरतीला आला असावा. न घातलेल्या जोडाला त्यांच्यात एक शब्द आहे — 'डेडस्टॉक'. मृत साठा. हा त्यांच्यात गौरवाचा शब्द!

"आणि पहिल्या वर्षाचे तर मिळतच नाहीत," ती म्हणाली. "तेव्हा कोणाला माहीत होतं? सगळ्यांनी घालून फाडून टाकले. गुरुजींना कुठे मिळाले हो?"

मी सांगितले.

तिने हातातले मासिक मिटले. मग म्हणाली, "दान?" आणि नंतर, "नवे होते? पेटी होती?"

पेटी आमच्या घरी आहे. तीत आमची मुलगी मालविका वीजबिले ठेवते. तर ही मुलगी म्हणते की, नुसत्या रिकाम्या पेटीलाही किंमत असते! मी उठून देवापाशी दिवा लावला.

२९ नोव्हेंबर

कोणी वाचणार नाही, तर येथे खरे लिहावे.

ते बूट माझे होते. जानेवारी १९८६ मध्ये आमचा मुलगा अनिमेष अमेरिकेहून प्रथमच परत आला. एम.एस. चालू होते, तेथील ग्रंथालयात रात्रपाळी करून पैसे जमविले होते. पेटी माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "अण्णा, तुमच्यासाठी. घाट चढताना टाच दुखते ना तुमची?"

मी झाकण उघडले. कातडे. तेही तांबडे! मी छत्रीच्या टोकाने पेटी त्याच्याकडे सरकवली आणि म्हणालो, "वडील म्हणजे सर्कशीतला विदूषक आहे, असे तुला तिकडे शिकवले काय?" वाक्य निर्दोष होते. आजही त्यात बदलण्याजोगे काही दिसत नाही. म्हणूनच ते विसरता येत नाही.

तो म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही माझं घेत नाही, मीही तुमचं घेणार नाही." मला वाटले, पोराचा राग आहे, चार दिवसांत उतरेल. दोन वर्षांनी एका परिचितांबरोबर त्याला शाल पाठविली. त्याच परिचितांबरोबर ती परत आली. घडीही मोडलेली नव्हती. नंतर दोनदा तसेच. मग मी पाठविणे थांबविले.

पेटी इंदूने आपल्या कपाटात ठेवून दिली. मी पुन्हा तिच्याकडे पाहिले नाही.

इंदूच्या बाराव्याला मालविकाने दानासाठी बाजारातून प्लास्टिकच्या चपला आणल्या. प्लास्टिक! उपानह म्हणजे चामड्याचे. गेलेल्या जिवाला तापलेल्या वाळूवरून आणि काट्यांतून चालायचे असते. प्लास्टिक पहिल्याच कोसाला वितळेल. मालविका म्हणाली, "अण्णा, आता कुठून आणू? गुरुजी बसलेत." तेव्हा मला ती पेटी आठवली. नवे, कोरे, चामड्याचे. दोन बोटांनी नाडी धरून बाहेर काढले, वरून गंगाजल शिंपडले आणि दिले. खोटे का लिहू? घरातून गेले म्हणून बरेही वाटले.

संकल्प मीच सोडला. अग्नीही मीच दिला होता. मुलाने मालविकाला तिच्या नोकरीच्या बँकेत फोनवर तीन शब्द सांगितले होते — "मला जमणार नाही."

३ डिसेंबर

बिंदुमाधव बूट घालून पूजेला गेले. देवळाबाहेर काढून ठेवले तर माकडाने एक पळविला. अर्ध्या तासाने चणे देऊन परत मिळविला, असे ऐकले. माझा काही संबंध नाही.

९ डिसेंबर

अनिमेषचे पत्र! दहा महिन्यांनी. माझ्या नावाने तर तीन वर्षांनी.

उघडताना मला वाटले — काय वाटले ते लिहीत नाही. आतला मजकूर असा:

"ती. अण्णांना सा. नमस्कार. मी शहाऐंशीला आणलेले लाल बूट आईच्या कपाटात असतील. कृपा करून पेटी उघडू नका, आतला कागदही काढू नका. माझा मित्र अनिश सहा जानेवारीला काशीत येतो आहे, त्याच्याकडे द्यावी. तुम्हाला ते नकोच होते, म्हणून मागतो आहे. बाकी सर्व प्रत्यक्ष सांगेन."

बस्. शुद्धलेखनाच्या चुका तीन. आईविषयी शब्द, 'आईच्या कपाटात' एवढाच!

आई गेली तेव्हा यायला जमले नाही. बूट आठवले! कागदासकट आठवले! बास्केटबॉल खेळणाऱ्याच्या जोड्यांसाठी माणूस सात समुद्र ओलांडून मित्र धाडतो, आणि जिने नऊ महिने — नाही. रागात वाक्य पुरे करू नये, हा माझाच नियम आहे.

१० डिसेंबर

उत्तर लिहिले. "बूट तुझ्या आईच्या पददानात दिले. दिलेले परत येत नाही." दोन वाक्ये. पाकीट बंद केले. मालविकाला टाकण्यास दिले.

१४ डिसेंबर

मालविकाने पत्र टाकलेलेच नाही! तिच्या पर्समध्ये सापडले. मी पर्स उघडली नव्हती; ती पडली आणि पाकीट बाहेर आले.

त्याहूनही भयंकर पुढे आहे. दुपारी बिंदुमाधव भेटले. म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमची मालविका आली होती. नवे कॅनव्हासचे बूट घेऊन आली आणि म्हणाली, गुरुजी, हे घ्या, ते द्या. मी म्हटलं, बाई, मला काय, पाय झाकल्याशी मतलब. पर पिताजी से पूछ लो."

माझ्या मुलीने दान परत मागितले! जिच्या चार पिढ्या या घाटावर संकल्प सांगत आल्या, ती दारात कॅनव्हासचे बूट घेऊन अदलाबदल करायला उभी राहिली!

घरी येऊन मी जे बोललो ते गल्लीत ऐकू गेले असावे. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली,

"झालं बोलून? अण्णा, तो का नाही आला, हे तुम्ही त्याला कधी विचारलंत?"

"जमणार नाही म्हणाला. आणखी काय विचारायचे?"

"नोकरी गेली होती त्याची. आई जायच्या चार महिने आधी. कंपनीच बंद पडली. तिकिटाला पैसे नव्हते, अण्णा! फोनवर रडत होता. तीन शब्द मी सांगितले तुम्हाला. त्याने आधा घंटा बोलला होता."

"अर्धा तास तो बोलला," मी म्हणालो. हे खरोखर माझ्या तोंडून निघाले.

तिने भाजीची परडी खाली ठेवली आणि आत गेली.

१५ डिसेंबर

मालविकाने उरलेले सांगितले; मी पाटावर बसलेलो असताना, माझ्याकडे न पाहता.

अनिमेष आता गावोगावच्या जुन्या, बंद पडत आलेल्या बुटांच्या दुकानांत जातो. तळघरांत वर्षानुवर्षे पडून राहिलेले, कोणी न घेतलेले बास्केटबॉलचे जोडे शोधतो, धूळ पुसतो आणि जपानमधील हौशी लोकांना विकतो. जपानी लोक जुन्या अमेरिकन बुटांसाठी वेडे झाले आहेत म्हणे. त्यावर त्याचे पोट चालते. विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळविलेला मुलगा! गुडघे टेकून तळघरात!

एक जपानी ग्राहक पहिल्या वर्षाचा, न घातलेला जोड शोधतो आहे. अनिमेषला सबंध अमेरिकेत तो मिळाला नाही. मग त्याला आठवले की, जगात असा एक मनुष्य आहे ज्याने तो जोड निश्चितच घातलेला नसेल. माझ्या हट्टावर त्याचा एवढा विश्वास!

त्यातून त्याचे तिकीट निघणार होते. आईच्या वर्षश्राद्धाला तो येणार होता. माघ वद्य पंचमी. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा.

"मग मला सांगायचे! मी पाठवले असते," मी म्हणालो.

"शाल पाठवली होतीत ना? काय झालं तिचं?"

मी पान तसेच ठेवून उठलो. मुलाचे परत येण्याचे साधन मी स्वतःच्या हाताने, पाणी सोडून, दान करून टाकले — आणि तेही प्लास्टिक चालत नाही म्हणून!

१९ डिसेंबर

जेवण जात नाही. मालविका बोलते, परंतु कामापुरते.

२३ डिसेंबर

धर्मशास्त्राची तीन पुस्तके काढून पाहिली. दत्त वस्तूचा अपहार करणाऱ्यास काय होते, त्याविषयी तिन्हींचे एकमत आहे. घेणाऱ्याने स्वेच्छेने दिली तर काय, याविषयी दोन गप्प आहेत आणि तिसऱ्याचे ते पान वाळवीने खाल्ले आहे.

२६ डिसेंबर

ऋताला बोलावून विचारले, महिना-दोन महिने घातलेल्या बुटांचे काय होते?

"सच बोलूं, आजोबा? ती बात नाही राहत." माझा चेहरा पाहून तिने घाईने पुढे म्हटले, "पण पहिल्या सालचे आहेत. पेटी आहे. नीट साफ केले तर कोणी ना कोणी घेईल. गुरुजी देतील का?"

"विचारायचे कोणी?"

"तुम्ही," ती म्हणाली. एकोणीस वर्षांची मुलगी!

४ जानेवारी १९९७, शनिवार

परवा अनिश येणार. आज गेलो.

बालाजी घाटाजवळच्या एका बोळात बिंदुमाधवांची एक खोली आहे. वाटेत तीनदा परत फिरलो. तिसऱ्या वेळी दुधवाल्याने विचारले, "का खोजत हउवा, पंडितजी?" म्हणून पुढे जावे लागले.

ते उन्हात बसून गुडघ्याला तेल लावीत होते. बूट शेजारी, एका वर्तमानपत्रावर, टाचा जुळवून ठेवलेले. मी पन्नास वर्षे लोकांना वाक्यरचना शिकविली. आज एक वाक्य जुळेना. "बिंदुमाधव," मी म्हणालो, "मी एक पाप करायला आलो आहे." आणि मग सर्व सांगितले — छत्रीचे टोकही.

ते तेल चोळीत राहिले.

"शास्त्रीबुवा, तुमचं मागणं पाप असेल. माझं देणं तर नाही ना? मी आशीर्वाद म्हणून देतो तुमच्या पोराला. त्याला म्हणावं, बनारसमध्ये एका बामणाचा गुडघा यांनी बरा केला. लिहून देऊ का तसं? विलायतेत सर्टिफिकेट लागतं." आणि हसले. पुढे म्हणाले, "कॅनव्हासवाले मात्र पाठवून द्या मालविकाबरोबर. थंडी आहे."

मी बूट उपरण्यात बांधून आणले. कातड्याचे बूट, माझ्या उपरण्यात, छातीशी धरून. ब्रह्माघाटाच्या वरच्या बोळात लोकांनी पाहिले. पाहोत.

मालविकाने दार उघडले, गाठोडे पाहिले आणि माझ्या हातून घेतले. "चहा ठेवते," म्हणाली. वीस दिवसांनी तिने न विचारता चहा केला.

५ जानेवारी

सकाळी ऋता ओसरीवर बूट साफ करायला बसली. पुढच्या टोकांत तिला कापडाचे दोन बोळे लागले. कॅनव्हासचे बूट नेण्यास बिंदुमाधव स्वतःच आले होते, म्हणाले, "ते आधीपासूनच होते. मला वाटलं, परदेशात असेच बसवून देतात. माझी बोटं आखूड, म्हणून राहू दिले."

मालविकाने बोळे उलगडले. इंदूच्या जांभळ्या लुगड्याचा काठ. चार घड्या, हाताने टाचलेल्या.

ऋताने दिवा आत धरून दाखविले. दोन्ही पायांत, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या जागी अस्तर घासून भोक पडले आहे. जोडव्याने पडते तसे. "आजोबा, हे महिन्याचं नाही. बरसों का है."

दुपारी मी पाठशाळेत असे. मालविका बँकेत. घरात फरशी, वर गच्चीची बत्तीस दगडी पायऱ्यांची चढण, आणि या जोड्यांत इंदू एकटी. दहा वर्षे! दानाला जोडे नवे असावे लागतात. हे नवे नव्हते, तिचेच होते.

अनिशबरोबर देण्यासाठी अनिमेषला पत्र लिहिले: "तू आणलेले जोडे या घरात स्वीकारले गेले होते. ते विकू नयेत, म्हणून पाठवीत नाही. तिकीट पाठवीत आहे. परत करू नये."

चुका दोन झाल्या आहेत. दुरुस्त केल्या नाहीत.